मधला दिवस

१

लताबाईंचा नियम साधा होता. अकरा महिने भरले की एक दिवस घर रिकामं करायचं. दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा. त्यानंतर हवं तर तीच माणसं, तेच सामान, तोच करार. बदलायची फक्त तारीख.

“म्हणजे सगळं खाली उतरवायचं आणि परत तेच वर चढवायचं?” प्रतिभाने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं.

“वकिलाने सांगितलंय,” लताबाई म्हणाल्या. “सलग राहिलं की माणूस चिकटतो. मधे एक दिवस खंड पडला पाहिजे. आणि रिकामं म्हणजे रिकामं हं, पोरी. खिळ्याला कॅलेंडरसुद्धा नको.”

पवननगरातल्या आपल्या घरावर लताबाईंनी दोन खोल्या चढवल्या होत्या. पुढे गॅलरी, मग एक खोली, तिच्या उजव्या अंगाला ओटा-मोरीचं स्वयंपाकघर, डावीकडे आतली खोली आणि जिन्याच्या डोक्यावर न्हाणीघर. अठ्ठ्याण्णवच्या मार्चात प्रतिभा आणि किशोर इथे आले तेव्हा लग्नाला तीन आठवडे झाले होते. ते तीन आठवडे घोटीत गेले होते. सासरचं घर म्हणजे पुढे तांदळाचं दुकान आणि मागे सात माणसं. नव्या जोडप्याला दिलेला कोपरा पोत्यांच्या थप्पीआड होता आणि थप्पीच्या पलीकडे सासूबाईंचा खोकला. आमचा संसार कोलम आणि इंद्रायणी यांच्यामधे सुरू झाला, असं ती नांदगावच्या मैत्रिणीला पत्रात लिहिणार होती. मग लिहिलं नाही. पत्र पेटीत टाकायलासुद्धा दीराच्याच हातात द्यावं लागलं असतं.

त्यामुळे या दोन खोल्या म्हणजे तिला राजवाडा. त्यात आधीच्या भाडेकरूंचा लोखंडी पलंगही मागे राहिला होता. “जिन्यातून निघेना म्हणून टाकून गेले, तुम्ही वापरा,” असं लताबाई म्हणाल्या, तेव्हा किशोरला लॉटरी लागल्यासारखं झालं.

पहिल्या दुपारची एक गोष्ट तिच्या लक्षात राहिली होती. न्हाणीघरातल्या आरशावर कुणाची तरी टिकली होती, मरून रंगाची, कडा वाळून उचकलेली. प्रतिभा ती नखाने खरवडत होती आणि काचेवर करर्र करर्र असा दातांत शिरणारा आवाज होत होता. “मागच्या बाईला एवढंही जमलं नाही,” ती स्वतःशीच, पण मोठ्याने म्हणाली. तेवढ्यात खालून बोलणं ऐकू आलं. झरोक्यातून बघितलं तर फाटकाशी एक बाई उभी, डोक्यावर रणरणतं ऊन, आणि ती वर बघत होती. कपाळ मोकळं. बिचारी विधवा असावी. गॅलरीतून किशोर तिला सांगत होता, “ताई, भरली हो खोली.” तो ‘भरली’ शब्द ऐकून प्रतिभाला जरा घमेंडच वाटली. आपल्याला मिळाली, तिला नाही.

आठवडाभरात ती स्वतःही अंघोळीच्या वेळी टिकली त्याच आरशाला लावायला लागली. दुसरीकडे ठेवणार कुठे?

२

करार संपायला दोन दिवस होते. सासूबाईंचा निरोप येऊन गेला होता: ‘मुदत संपते आहे तर इकडेच या, परक्याची भर कशाला?’ किशोर अर्धा विरघळला होता. त्याला अंबडच्या कंपनीत पहिल्या पाळीला घोटीहून येणं जमलं नसतं, हे त्याला पटवायला प्रतिभाचे तीन दिवस गेले. शेवटी ठरलं. लताबाईंनी नवा करार दिला तर राहायचं. काही खुसपट निघालं तर सरळ घोटी. दुसरं घर शोधत फिरायचं नाही.

म्हणून ती लताबाईंच्या नियमाला अक्षरशः जपत होती. आज मांडणीचे डबे उतरवायचे होते.

स्वयंपाकघराच्या भिंतीत तीन फळ्या होत्या. मागच्या मार्चात तिने घाईघाईने जुन्याच कागदावर नवा पेपर अंथरला होता. तो तिने आता ओढला. तारीख १ मार्च ९८, ते दोघं आले तो दिवस. त्याच्या खालचा कागद मात्र पुढच्या बाजूने नीट कातरलेला होता, त्रिकोण त्रिकोण, तोरणासारखा. तिची आई असाच कातरायची. प्रतिभाला तेवढा धीर नव्हता. त्या कागदाची तारीख होती २८ फेब्रुवारी ९८.

तिने आणखी खालचा काढला. साधा, २९ मार्च ९७. त्याखाली कातरलेला, २८ मार्च ९७. त्याखाली साधा, २८ एप्रिल ९६. त्याखाली पुन्हा त्रिकोण, २७ एप्रिल.

ती जमिनीवर बसली आणि बोटांवर महिने मोजले. अकरा. परत अकरा. साधे कागद त्या त्या भाडेकरणीने राहायला येताना घातलेले, हे उघड होतं. पण कातरलेला प्रत्येक कागद त्याच्या आदल्या दिवसाचा होता. म्हणजे घर रिकामं असतं त्या दिवसाचा.

किशोर संध्याकाळी आला तेव्हा तिने ते सहा कागद ओळीने मांडून ठेवले होते.

“रद्दी आहे ती,” तो बूट काढत म्हणाला. “पंचनामा कसला करतेस?”

“अहो, पण एका दिवसासाठी कोण कागद कातरून घालतं?”

“ज्याला दुसरं काम नाही तो. चहा टाक.”

दुसऱ्या दिवशी तिने लताबाईंना विचारलं. त्या अंगणात वाल सोलत होत्या.

“काकू, त्या मधल्या दिवशी घरात कोणी असतं का हो?”

“कोण असणार? किल्ली माझ्या कमरेला असते.”

“आमच्या आधी कोण होते?”

“होते एक नवराबायको. त्याची पुण्याला बदली झाली. गेले दोघं हसत हसत. बाई आधी फार चिडचिडी होती हो, पण जाताना काय बदल! मला वाकून नमस्कार करून गेली.” लताबाईंनी वालाचा एक दाणा निरखून बाजूला टाकला. “का गं? भांडं-बिंडं राहिलंय का कोणाचं?”

“नाही, नाही,” प्रतिभा घाईने म्हणाली. घरात काही राहिलंय हा विषयच तिला नको होता.

३

एकतीस जानेवारी, रविवार. देवरामचा टेम्पो आठला सांगितला होता, तो साडेनवाला आला. सामान एका रात्रीपुरतं पाथर्डी फाट्याला किशोरच्या आतेभावाच्या गॅरेजात ठेवायचं होतं. डबे, गाद्या, टीव्ही, देवघर, सगळं उतरलं. पलंग लताबाईंनी आपलाच धरला होता. राहिलं ते कपाट.

आरशाचं लोखंडी कपाट प्रतिभाच्या माहेरचं होतं, लग्नातलं. देवराम आणि किशोरने ते जिन्यापर्यंत आणलं, आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं.

“नाय हो भाऊ, हे नाय निघायचं,” देवराम घाम पुसत म्हणाला. “जिन्याचं ते लोखंडी दार आडवं येतंय. वर नेलं कसं?”

“तेव्हा दार नव्हतं. दिवाळीत बसवलं बाईंनी.”

“मग दार कापा, नायतर कपाट कापा. मला लय टाइम नाय. गंगापूर रोडला दुसरं भाडं हाय.”

किशोरने कपाट परत आतल्या खोलीत लोटलं. “राहू दे. एक दिवसाचा तर प्रश्न आहे.”

“काकू म्हणाल्यात, रिकामं म्हणजे रिकामं.”

“काकू गुडघे धरून खाली बसल्यात. त्या काय वर येऊन बघणार आहेत?”

“आणि आल्या तर? करार नाही म्हणाल्या तर?”

“तर घोटी. तांदूळ तरी फुकट.” तो आपल्याच विनोदाला हसला. ती हसली नाही. “बरं, तू केर काढून घे. मी सामान टाकून साडेअकराला तुला घ्यायला येतो. बाराच्या आत किल्ली देऊ.”

टेम्पो गेला. मागोमाग त्याची स्कूटर गेली.

प्रतिभाने केर काढला, फरशी पुसली, मोरी घासली. न्हाणीघरात जाऊन सवयीने टिकली आरशाला लावली आणि तोंडावर पाणी मारलं. तेवढ्यात बाहेर स्कूटरचा आवाज आला. ती तशीच ओल्या तोंडाने गॅलरीत धावली. शेजारचे मोतीराम होते, गॅसचा सिलिंडर घेऊन आलेले. ती पदराने तोंड पुसत आत आली.

बसायला उघडा पलंग आणि वाचायला सकाळचा पेपर, एवढंच घरात उरलं होतं. तिने तो पुरवणीसकट वाचला, वधू-वरसुद्धा. रिकाम्या घरात प्रत्येक आवाज मोठा होत होता. खाली लताबाईंच्या टोल्यांच्या घड्याळाने साडेअकराचा एक टोला दिला, तो इतका जवळून आला की तिने मान वळवून बघितलं.

किशोरचा पत्ता नव्हता.

तिला राग आला की हात स्वस्थ बसत नसत. सांगायचं साडेअकरा आणि यायचं एकला. तिकडे आतेभावाकडे चहा-पोहे झोडत बसला असेल. वर ते कपाट. उद्या परत सगळं लावायचं तेही तिनेच. निदान मांडणीचे कागद आत्ताच घालून ठेवले तर उद्याचं एक काम कमी. जुने तर तिने सगळे काढून टाकलेच होते. उघड्या फळ्या ओक्याबोक्या दिसत होत्या.

कपाट उघडून तिने खणातली कात्री काढली. पेपरची घडी घातली आणि कातरायला लागली. एक त्रिकोण, दुसरा त्रिकोण. किशोर, त्याची आई, देवराम, जिन्याचं दार, प्रत्येकाला एकेक त्रिकोण. धीर नव्हता म्हणून आजवर कधी न केलेलं काम रागाने सुरेख होत होतं. पहिली फळी झाली, दुसरी झाली, तिसरीला पुरवणी पुरली. ती दोन पावलं मागे सरून बघायला लागली. आईच्या स्वयंपाकघरासारखं दिसत होतं.

मधल्या फळीच्या कडेला, त्रिकोणाच्या वरच, तारीख आली होती. ३१ जानेवारी.

४

ती बघत राहिली.

नंतर स्वतःला समजावू लागली. यात काय आहे? तिच्यासारखीच कोणी चिडून वाट बघत बसली असेल, तिनेही उद्याचं काम आज उरकलं असेल. प्रत्येकीचा नवरा उशीरच करत असेल. सरळ गोष्ट आहे. एका दिवसासाठी कोण कागद घालतं, याचं उत्तर मिळालं की! किशोरला सांगितलं तर तो म्हणेल, बघ, दुसरं काम नसलेली बाई.

पण मग त्या बाईने दुसऱ्या दिवशी त्याच कागदावर आपले डबे मांडले असते. वरून नवा साधा कागद का घातला असता?

ज्या बाईने तो घातला, ती वेगळी होती.

खालचं घड्याळ खरखरलं आणि टोले सुरू झाले.

ती पुढे झाली आणि वरच्या फळीचा कागद ओढला. तो निघेना. चिकटला नव्हता, नुसता ठेवलेला होता, तिनेच पाच मिनिटांपूर्वी ठेवलेला. तरी निघेना. वर्षभर डब्यांखाली दबलेला कागद जसा फळीचाच होऊन जातो, तसा तो झाला होता. तिने नख लावलं, एक त्रिकोण फाटून हातात आला. त्याचा रंग पिवळा पडला होता.

सात. आठ. नऊ.

चप्पल घालून खाली जावं, किल्ली देऊन टाकावी. ती आतल्या खोलीत धावली. कपाट उघडंच होतं. ते बंद करून तिने किल्ली फिरवली. आरशात तिच्या मागचं दार दिसत होतं, दारातून पुढची खोली, रिकामी, पुसलेली फरशी अजून ओली.

बारा.

जिन्याचं लोखंडी दार खणकन वाजलं. “हळू रे देवराम, टीव्ही आहे त्यात!” किशोरचा आवाज! तिचा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ राग उसळला. सामान परत का आणलं याने? आज तर नेलं! ती तोंड भरून बोलणार म्हणून वळली.

पुढच्या खोलीत गाद्या होत्या. टीव्हीचं खोकं होतं. देवघर खिडकीत बसलेलंसुद्धा होतं, आणि फरशी पुरती सुकलेली.

दोर गुंडाळत देवराम तिच्या अंगावरूनच गेला. “बाजूला व्हा ताई, लागंल.” सकाळी हाच माणूस तिला ‘वैनी’ म्हणत होता.

पलीकडे स्वयंपाकघरात डबे वाजत होते. पडदा अजून लावलेला नव्हता. दाराच्या चौकटीतून तिला फक्त कोपरापासून पुढचा हात दिसला. हिरव्या बांगड्या. तो हात मधल्या फळीवर एक सबंध पेपर अंथरत होता, न कातरता, घाईघाईत. मग एकेक डबा उचलून त्यावर ठेवत होता. लग्नातले डबे होते. ‘सौ. प्रतिभा किशोर’ असं नाव कोरलेली बाजू तो हात बरोबर पुढे करत होता. प्रतिभाही तसंच करायची.

ती आत गेली नाही. आत जाऊन तो हात कुणाचा ते बघावं, असं डोकं म्हणत होतं. पाय जिन्याकडे वळले.

५

अंगणात लताबाई वाल सोलत होत्या. पुढ्यात आजचा पेपर होता, टरफलं त्यावर पडत होती. त्यावरची तारीख सोमवार, १ फेब्रुवारी. फाटकाशी किशोरची स्कूटर उभी, हँडलला प्रतिभाची निळी पिशवी.

“काकू,” ती म्हणाली, “वर कोण आहे?”

लताबाईंनी डोळ्यांवर हात धरून तिच्याकडे पाहिलं. “कोण पाहिजे तुम्हाला?”

“काकू, मी आहे. चेष्टा करू नका. कपाटाचं म्हणत असाल तर चूक झाली आमची, दार कापून काढतो, पण—”

“कपाट?” लताबाई हसल्या. “ते होय! अहो, ते राहिलंय वर कोणाचं तरी. जिन्यातून निघत नाही. आता भाडेकरूंना म्हटलं, तुम्हीच वापरा. फुकट मिळालं म्हणून पोरगं खूश आहे.”

“त्याची किल्ली माझ्याकडे आहे.” प्रतिभाने मूठ उघडून दाखवली. किल्ली होती, आणि पिवळा त्रिकोण.

लताबाईंनी त्या हाताकडे बघितलं आणि नजर हळूच वालांकडे वळवली. भलत्या माणसाशी बोलताना आवाज मऊ होतो तसा त्यांचा झाला. “बाई, उन्हात उभ्या राहू नका. खोली बघायला आला होतात ना? थोडा उशीर झाला तुम्हाला. काल दुपारपासून आज दुपारपर्यंत रिकामी होती. आत्ताच करार झाला.”

“कोणाशी?”

“आहेत नवराबायको. गेल्या सालचीच. चांगली माणसं.”

“किशोर!” ती ओरडली. लग्न झाल्यापासून तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती. “अहो, खाली या! आधी खाली या!”

तो गॅलरीत आला. बाह्या सरसावलेल्या, केसांत धूळ. दमलेला होता आणि खूश होता. त्याने खाली तिच्याकडे पाहिलं, आणि अनोळखी बाईसमोर करतो तशी शर्टाची गुंडी चाचपली.

“कोण आहे हो काकू?”

“खोली विचारायला आल्यात.”

“अरेरे.” त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. कठड्यावरून वाकून तो म्हणाला, “ताई, भरली हो खोली. अकरा महिन्यांनी बघा. मधे एक दिवस असतो.”

प्रतिभाच्या तोंडात सगळं एकदम आलं. घोटीची पोती, साडेअकराची वाट, एक दिवसाचा तर प्रश्न आहे. तेवढ्यात आतून कुणीतरी त्याला हाक मारली. नुसतं “अहो”. आवाज वैतागलेला होता, त्यात घाई होती, हक्क होता. तो “आलो, आलो” म्हणत आत गेला. तिच्या हाकेला तो कधी इतक्या लगबगीने गेला नव्हता.

ऊन टाळूवर आलं होतं. तिने घाम पुसायला कपाळावर हात नेला. बोटांना काही लागलं नाही. तिने परत चाचपलं, भुवयांच्या मधे, जरा वर. कपाळ मोकळं होतं.

जिन्याच्या डोक्यावर, न्हाणीघराच्या झरोक्याआड पाण्याचा नळ वाजला, बंद झाला. मग काचेवर नखाचा आवाज यायला लागला. करर्र, करर्र. सावकाश, कडेकडेने, नेटाने.

“मागच्या बाईला,” वरून आवाज आला, “एवढंही जमलं नाही.”